प्लास्टर बसेपर्यंत

“मामा, प्लास्टर नको. क्रेप बँडेज घट्ट बांधून द्या. रविवारी फायनल आहे,” फुटबॉलचे कोच म्हणाले. टेबलावर त्यांचाच मुलगा होता, तेरा वर्षांचा. घोट्याची सूज नडगीपर्यंत चढली होती.

“डॉक्टरांनी प्लास्टर लिहिलंय. हाड वाढतं त्याच जागी चीर आहे,” हॉस्पिटलचा प्लास्टरवाला म्हणाला.

“डॉक्टर लिहिणारच. त्यांच्या पोरांनी कधी बॉलला पाय लावलाय? एवढंतेवढं दुखतंच हो.”

प्लास्टरवाल्याने क्रेप बँडेज हातात घेतलं. मागतोय तर द्यावं. खेळू दे पोराला रविवारी. मग पोरगा घरात कसा चालतो ते यालाही रोज बघू दे. त्याने बँडेजचं टोक सोडवलंसुद्धा. पोरगा ओठ चावत छताकडे बघत होता.

त्याने बँडेज खणात टाकलं आणि बादलीत पाणी घेतलं.

“सर, इकडे या. बोटं धरा. पाऊल काटकोनात राहिलं पाहिजे. तुम्ही हललात तर घोटा वाकडा बसेल.” मग पोराला म्हणाला, “आता गरम लागेल, घाबरू नकोस. गार झालं की संपलं.”

कोचनी दोन्ही हातांनी पाऊल धरलं. त्याने कापूस गुंडाळला, वर ओल्या पट्ट्या चढवल्या, तळहाताने सारख्या केल्या.

“तीन वर्षांपूर्वी आमचा पोरगा तुमच्या टीममध्ये होता,” तो म्हणाला. “बुटका. सगळे त्याला पिन म्हणायचे.”

कोचनी वर बघितलं.

“गुडघा दुखतो म्हणायचा. त्याची आई तुम्हाला फोन करायची. तुम्ही म्हणालात, ताई, पोराची मुलगी करू नका.”

“अहो, तेव्हा मला...”

“हलू नका. तो तसाच खेळत राहिला. उजवा पाय साडेतीन सेंटिमीटर आखूड राहिला. यंदा त्याची आई गेली. खांदा द्यायला पुढे आला, तर चौघांची पावलं जुळेनात. लोक म्हणाले, तू बाजूला हो.”

कोचचे दंड भरून आले. पाऊल त्यांनी सोडलं नाही.

प्लास्टरवाल्याने बादली ओतली. हात धुतले, नखांतलं प्लास्टर काढलं, स्टूल ओढून बसला.

“मामा, हे तर केव्हाच गार झालं,” पोरगा म्हणाला.

“तू पडून राहा, बाळा. बाबांना धरू दे.”