पहिली उलटतपासणी

ट्रकने उडवल्यामुळे भिकाजी धुमाळांचा पाय गेला होता. पण त्यांच्या पिशवीत गांजा सापडला, ते नशेत स्कूटर चालवत होते, असं म्हणून विमा कंपनी भरपाई नाकारत होती.

त्यांची वकील शर्वरी आयुष्यातली पहिली उलटतपासणी घ्यायला उभी राहिली. तिने धुमाळांची पिशवी तपासणाऱ्या हवालदारासमोर एक हिरवं पान धरलं.

“पिशवीत अशीच पानं होती?”

“अगदी अशीच.”

“म्हणजे हा गांजा?”

“शंभर टक्के!”

शर्वरीने ते पान तोंडात टाकून चावलं. मग ती न्यायाधीशांकडे वळली.

“साहेब, ही अंबाडी आहे. धुमाळ घरी भाजी नेत होते.”

न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

धुमाळ जिंकले, तेव्हा शर्वरी नाचायचीच बाकी होती. कंपनीच्या ज्येष्ठ वकिलांनी तिला गाठलं. “पोरी, आमच्याकडे ये. मोठी होशील.”

“नको सर,” धुमाळांना आधार देत ती म्हणाली, “मला माझी बाजू सापडलीय.”