लालसूचा जबाब

कळा सुरू नव्हत्या, म्हणून नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यानं लालसूच्या बायकोला, रुपीला भरती करून घेतलं नाही. "नियम आहे. कळा आल्या की आणा," डॉक्टर म्हणाले. कळा आल्या तेव्हा नदीला पूर होता. रुपी घरातच गेली. बाळही गेलं.

मग चौकशीला जिल्ह्यातून एक साहेब आले, नंतर दुसरे, त्यानंतर एक मॅडम. सगळ्यांचे प्रश्न तेच. लालसू दर वेळी तेवढंच सांगायचा, त्याच आवाजात. मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. त्यानं त्यांना पाणी आणून दिलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नर्सबाई त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला न्यायला आल्या. "या काठच्या बायकांना आता कळांआधीच भरती करून घेतात. लालसूभाऊ, तुमच्या जबाबामुळं नियम बदलला."

पोटुशी बाई पिशवी घेऊन डोंग्यात बसली. लालसूनं तिला हात दिला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"किती दिवस आधी घेतात?" त्यानं विचारलं.

"आठ."

"आम्ही तीन दिवस आधी गेलो होतो," तो म्हणाला आणि त्यानं डोंगा पाण्यात ढकलला.