वळणावरची शिट्टी

सन १९५८. सागाच्या जंगलातून लाकडं आणणारं वाफेचं इंजिन लहानू चालवायचा. घराजवळच्या वळणावर तो लांब शिट्टी द्यायचा. ती ऐकून त्याच्या बायकोनं, अनसूयेनं, भाकरीचा तवा ठेवायचा.

शेजारची पुंजा त्याची बालमैत्रीण. त्या शिट्टीनं तिचा जीव जळायचा. तिचा नवरा मांजरासारखा मुकाट घरात शिरायचा. मग शिट्टी झाली की तीही हट्टानं चूल पेटवायची.

म्हातारपणी लहानू गेला, तेव्हा पुंजा अनसूयेला म्हणाली, "नशीबवान तू. साऱ्या जंगलाले आयकू जाये तुहं बोलावणं."

"मले लांबचं कधी आयकूच नाही आलं, बाई. तुह्या चुलीचा धूर दिसला का मी तवा ठेवो. त्याले मात्र कळू नाही देलं."

पुढे इंजिन भंगारात गेलं, अनसूया लेकीकडे वारली. पुंजाबाई अजून आहे. शिट्टी कोणासाठी होती, असं विचारलं तर अनसूयेचंच नाव सांगते. पण जरा थांबून.