काचेवरची टिकली

दयारामचा बाप जन्मभर शाळेची घंटा वाजवून वारला. त्याच शाळेसाठी दयारामनं आपोआप घंटा वाजवणारं यंत्र बनवलं. पण ओसरीतल्या उन्हात महिनाभर उघडंच राहून ते मुकं झालं. त्यानं आतली चिप घरी प्रोग्राम भरायच्या यंत्रावर लावली, तर ती कोरी! असल्या चिपच्या पाठीवर इवलीशी काच असते; तिच्यातून ऊन आत गेलं की भरलेलं हळूहळू पुसलं जातं. ती झाकायला तो विसरला होता, आणि घंटेच्या साऱ्या वेळा उन्हानं पुसून टाकल्या होत्या. त्यानं त्या पुन्हा भरल्या. “माय वं, या काचेवर लावाले काई हाये का?” माय आरशापाशी गेली. कडेला एक लाल टिकली चिकटलेली होती. बाप गेला त्या दिवशी कपाळावरून काढून तिनंच ती तिथं लावली होती. नखानं अलगद सोडवून तिनं ती लेकाच्या तळहातावर ठेवली. “डिंकानं चिकटव, बापा. हिच्याखालचं काई पुसल्या जात नाही.”