पोटातले चार खिळे

“ओंडक्यात खिळे-बिळे नाहीत ना?” फळ्या पाडायला फिरतं आरा मशीन घेऊन आलेल्या कारागिराने विचारलं.

“माझ्या झाडाला बोट लावायची कुणाची छाती झाली नाही,” अण्णा गुरकावले.

पहिल्याच फळीला पातं खाडकन तुटलं, आणि लाकडाच्या पोटातून चार गंजके खिळे निघाले.

“शेजाऱ्याचंच काम! पहिल्यापासून त्याच्या डोळ्यांत सलत होतं हे झाड,” म्हणत अण्णांनी कुंपणावरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो शपथा घेत राहिला, पण अण्णांचा संशय काही हटेना.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने अडगळीतून चार कोपऱ्यांना चार भोकं असलेली पत्र्याची पाटी आणली. “ही कधीच गळून पडली होती झाडावरून.”



पाटीवर अण्णांचंच ठसठशीत अक्षर होतं: ‘या झाडाला कुणीही खिळे ठोकू नयेत. हुकुमावरून.’