भेकराचा ठसा

मुंबईला चित्रकला शिकलेल्या जिवलीने प्राण्यांच्या एका पुस्तकासाठी भेकराचं चित्र छापलं, आणि ते चित्र घेऊन एसटीने ती मनोरजवळच्या आपल्या पाड्यावर आली. सगळ्यांनी चित्र हातोहात पाहिलं. तिच्या बापाचे, झिपरूचे, डोळे मात्र जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने कागदावरून हात फिरवला आणि हसून म्हणाला, "गुळगुळीत हाय."

जो लाकडी ठसा कोरून जिवलीने चित्र छापलं होतं, तोच तिने पिशवीतून काढून बापाच्या मांडीवर ठेवला. झिपरूची बोटं पाठीवरून मानेवर सरकली, मानेवरून शिंगांवर.

"भेकर! दिसलं गं मला, जिवले!"

कितीतरी वेळ त्याने ठसा सोडला नाही. मग हळूच म्हणाला, "तुज्या आयचं तोंड इसरत चाललोय मी. तिला कोरशील?"

आय गेली तेव्हा जिवली झोळीत होती, आणि घरात आयचा एक फोटोही नव्हता.

"बा, मी तिला पाह्यलीच नाय. कशी व्हती?"

"तुज्यावानी. सारा पाडा बोलतो."

जिवलीने नवी फळी मांडीवर घेतली आणि भिंतीवरचा आरसा काढून समोर ठेवला.