एक चक्कर मारून बघा

दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार बघायला जामनेरचा ललित धुळ्याला आला होता. क्लच घसरत होता, इंजिन उघडावं लागणार होतं, तरी त्याची नजर गाडीवरून हटेना. घ्यावी की सोडावी, काही ठरेना. "एक चक्कर मारून बघा," म्हणत मालक हितेंद्रने त्याला स्टिअरिंगवर बसवलं.

तेवढ्यात हितेंद्रची बायको ज्योत्स्ना चहा घेऊन आली. कप कलंडला आणि चहा बॉनेटवर सांडला. हितेंद्रने लोखंडी पाना उचलून तिच्या पाठीत हाणला, केस धरून तिचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं.

"अहो भाऊ, सोडा त्यांना!" ललित ओरडत उतरू लागला. पण त्याआधीच हितेंद्रच्या हातून निसटलेला पाना तिने उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो किंचाळत खाली कोसळला.

ती दार उघडून ललितच्या शेजारी बसली. ओठातून रक्त गळत होतं.

"चाल भाऊ. मन्हं माहेर सावदाले शे."



फाटकातून गाडी बाहेर काढता काढता ललित मागे वळून ओरडला, "हितेंद्रभाऊ, गाडी घेतली!"